सहाशे दिवसांचे उंदीर आणि रॅपामायसिन : एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

जुलै २००९ मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध छापून आला. उंदरांना वयाच्या ६००व्या दिवसापासून, म्हणजे माणसाच्या हिशेबात साधारण साठीला आल्यावर, खाद्यातून रॅपामायसिन दिलं आणि नर-माद्या दोघांचंही आयुष्य वाढलं, असा त्याचा निष्कर्ष होता. दीर्घायुष्याच्या औषधांवर आज जी चर्चा चालते, तिची सुरुवात बहुतेक वेळा या प्रयोगापासून होते. सांगणारे मात्र '१४ टक्के आयुष्य वाढलं' एवढंच सांगून पुढे जातात. तो आकडा कुठून आला, कशाचा आहे आणि माणसाच्या गोळीपर्यंत येताना त्याचं काय होतं, हे समजायचं तर अख्खा प्रयोग उलगडून पाहावा लागतो. या प्रकरणात औषधाइतकंच महत्त्व ते कसं दिलं, कोणाला दिलं आणि काय मोजलं याला आहे.

औषध कुठून आलं

१९६४-६५ मध्ये कॅनडातली एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती. तिथून आणलेल्या मातीच्या नमुन्यांतून मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी एक स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू वेगळा केला आणि त्याने तयार केलेलं बुरशीनाशक द्रव्य १९७०च्या दशकात शुद्ध स्वरूपात मिळवलं. या कामातलं मुख्य नाव सुरेंद्रनाथ सेहगल यांचं. आज पाकिस्तानात असलेल्या खुशाबमध्ये १९३२ साली त्यांचा जन्म झाला आणि औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात घेतलं. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा या जिवाणूच्या कुप्या त्यांनी स्वतःच्या घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवल्या. आपल्याकडच्या विज्ञानलेखनात या माणसाला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळालेली नाही.

पुढे हे द्रव्य प्रतिकारशक्ती दाबतं हे लक्षात आलं आणि १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचं औषध म्हणून त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. औषधाचं अधिकृत नाव सिरोलिमस. ते पेशीतल्या एमटॉर नावाच्या प्रथिनाला आवरतं. अन्न, विशेषतः अमिनो आम्लं आणि इन्सुलिनचा संदेश भरपूर असला की एमटॉर जोरात चालतं : नवी प्रथिनं बनतात, पेशी वाढते आणि जुना कचरा मोडून पुन्हा वापरण्याचं काम मागे पडतं. यीस्ट, गोलकृमी आणि फळमाशी यांच्यात हा मार्ग मंदावला की आयुष्य वाढतं, हे २००९च्या आधीच माहीत होतं. सस्तन प्राण्यात तसंच होतं का, हा प्रश्न उरला होता.

कसोटीची मांडणी

अमेरिकेच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग'चा 'इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्रॅम' (पुढे 'आयटीपी') खास अशा प्रश्नांसाठी उभा राहिला. एकच नियमावली तीन ठिकाणी एकाच वेळी राबवायची : बार हार्बरची जॅक्सन लॅबोरेटरी, ॲन आर्बरचं मिशिगन विद्यापीठ आणि सॅन अँटोनियोचं टेक्सास विद्यापीठाचं आरोग्यविज्ञान केंद्र. तिथली प्रमुख नावं अनुक्रमे डेव्हिड हॅरिसन, रिचर्ड मिलर आणि रँडी स्ट्राँग. रॅपामायसिन तपासावं, हा प्रस्ताव सॅन अँटोनियोच्या डेव्ह शार्प यांचा.

त्याआधीच्या आयुर्मानाच्या बऱ्याच प्रयोगांत त्याच त्या चुका दिसतात. एका अंतःप्रजनित जातीचे सगळे उंदीर जनुकीय दृष्ट्या जवळजवळ सारखे असतात. औषधाने त्या जातीचा एखादा ठरावीक आजार टाळला तरी आयुष्य वाढल्यासारखं दिसतं. कधी औषध न दिलेला नियंत्रण गटच नेहमीपेक्षा लवकर मरतो. तो का मरतो हे कोणी पाहत नाही आणि औषध दिलेला गट निव्वळ तुलनेने दीर्घायुषी ठरतो. शिवाय औषधामुळे खाद्य कडू लागलं तर उंदीर कमी खातात, आणि कमी खाल्ल्यानेही उंदरांचं आयुष्य वाढतं. मग श्रेय औषधाला जातं, काम मात्र उपासमारीने केलेलं असतं.

आयटीपीने चार जातींच्या संकरातून आलेले उंदीर घेतले. आयांच्या बाजूने दोन जाती, वडिलांच्या बाजूने दोन. अशा संततीतली कोणतीही दोन पिल्लं सख्ख्या भावंडांइतकीच सारखी असतात आणि हाच संकर पुन्हा पुन्हा करून तशीच मिश्र लोकसंख्या दर वर्षी मिळवता येते. पिंजऱ्यात नर तीन-तीन, माद्या चार-चार. नियंत्रण गटातले उंदीर प्रत्येक औषध-गटाच्या साधारण दुप्पट, कारण त्या वर्षीच्या सगळ्या औषधांची तुलना त्यांच्याशीच होते. एका केंद्राची आकडेवारी हाती आली नाही तरी आयुष्यातला १० टक्के फरक ८० टक्के संभाव्यतेने पकडता यावा, एवढी संख्या आधीच ठरवलेली होती.

मृत्यूची नोंद करण्याचेही नियम होते. रोज तपासणी. खाता-पिता येत नाही, स्पर्श केला तरी हालचाल नाही, वजन झपाट्याने उतरलं आहे किंवा गाठ फुटून रक्तस्राव होतो आहे, अशा लक्षणांवरून उंदीर पुढचे ४८ तास काढणार नाही असं वाटलं, तर त्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा आणि तो दिवस मृत्यूचा धरायचा. ही तरतूद दयेची आहेच. शिवाय तिच्यामुळे तिन्ही केंद्रांवर 'मृत्यू'चा अर्थ एकच राहतो.

खाद्यात औषध टिकेना

मूळ बेत वयाच्या चौथ्या महिन्यापासून औषध सुरू करण्याचा होता. उंदीर तयार होते, पण पहिल्याच चाचणीत घोडं अडलं. रॅपामायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि खाद्य बनवताना ते विघटित होतं. खाद्यात मिसळलेल्या औषधाचा बहुतांश भाग उंदराच्या तोंडी जाण्याआधीच नष्ट होत होता. जो उरे, त्यातलाही काही जठरातल्या आम्लात वाया जाई. एवढ्यावरच उंदरांना खाऊ घातलं असतं आणि आयुष्यात फरक पडला नसता, तर 'रॅपामायसिन निरुपयोगी' असा निष्कर्ष निघाला असता आणि तो साफ चुकीचा ठरला असता. आयुर्मानाच्या प्रयोगांतला नकारात्मक निकाल वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा : औषध रक्तात पोचलं होतं का?

स्ट्राँग यांच्या गटाने सॅन अँटोनियोमधल्याच साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटच्या मदतीने उपाय काढला. औषधाच्या सूक्ष्म कणांवर युड्रागिट एस-१०० या बहुलकाचं आवरण चढवलं. हे आवरण आम्लात टिकतं आणि पीएच ७च्या वर विरघळतं, त्यामुळे औषध जठर ओलांडून लहान आतड्यात मोकळं होतं. खाद्य बनवतानाही त्याचं रक्षण झालं आणि उघड्या औषधाच्या तुलनेत रक्तातली पातळी कितीतरी पटीने वाढली. नियंत्रण गटाच्या खाद्यातही हेच आवरणद्रव्य त्याच प्रमाणात, पण औषधाविना घातलं होतं. ही बारीक गोष्ट सहज निसटली असती. मग आयुष्य औषधाने वाढलं की बहुलकाने, हा वाद कायमचा राहिला असता.

खाद्य तिन्ही केंद्रांसाठी एकाच कारखान्यात, साधारण दर चार महिन्यांनी नवी खेप याप्रमाणे बनत असे. प्रमाण होतं १४ पीपीएम, म्हणजे एक किलो खाद्यात १४ मिलिग्रॅम औषध. ३० ग्रॅमचा उंदीर दिवसाला पाच ग्रॅमच्या आसपास खातो. त्या हिशेबाने शोधनिबंधात दिलेला डोस निघतो : वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे २.२४ मिलिग्रॅम.

हे सगळं जुळवेपर्यंत उंदीर म्हातारे झाले होते. हा गट सोडून नवी पिल्लं घेण्याचा पर्याय होता. आहे त्याच उंदरांना ६००व्या दिवसापासून औषध द्यायचं ठरलं. म्हातारपणी सुरू केलेल्या औषधाने काही होईल अशी अपेक्षा त्या काळात फारशी कोणी ठेवत नसे. शिवाय वेगळ्या उंदरांचा एक गट घेऊन त्यांना २७०व्या दिवसापासून औषध सुरू केलं.

निकाल आणि त्यातले आकडे

गटातले ९० टक्के उंदीर ज्या वयापर्यंत मरण पावतात, ते वय माद्यांमध्ये १४ टक्क्यांनी आणि नरांमध्ये ९ टक्क्यांनी वाढलं. लोक सांगतात तो '१४ टक्के' हा. सरासरी आयुष्याचा नव्हे, तर सर्वांत दीर्घायुषी उंदरांच्या टोकाचा. हेच माप निवडण्यामागे कारण आहे. तरुणपणातला एखादा मृत्यू टाळला तरी सरासरी वाढते. शेवटचे १० टक्के उंदीर अधिक जगले, तर ते म्हातारपणातच काहीतरी बदलल्याचं अधिक भक्कम लक्षण मानलं जातं.

याच आकडेवारीकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ६००व्या दिवशी जिवंत असलेल्या उंदराचं तिथून पुढचं अपेक्षित आयुष्य माद्यांमध्ये ३८ टक्क्यांनी आणि नरांमध्ये २८ टक्क्यांनी वाढलं. उंदीर तेच, मृत्यूही तेच. फक्त भाजक बदलला. एका जाहिरातीत '३८' आणि दुसऱ्या लेखात '९' दिसलं तर कोणी खोटं बोलतंय असं नाही, पण कशाचे टक्के ते विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

परिणाम तिन्ही केंद्रांवर दिसला. औषध दिलेल्या उंदरांचं वजन नियंत्रण गटापेक्षा घटलेलं नव्हतं, त्यामुळे उपासमारीची शंकाही मिटली. २७०व्या दिवशी सुरू केलेल्या गटात आयुष्य वाढल्याचं अंतरिम विश्लेषणात दिसलं आणि २०११ मध्ये ते पक्कं झालं.

२०१४ मध्ये याच कार्यक्रमात ४.७, १४ आणि ४२ पीपीएम असे तीन डोस ताडून पाहिले. डोस वाढला तसा परिणाम वाढला. ४२ पीपीएमला मध्यम आयुष्यात, म्हणजे निम्मे उंदीर ज्या वयापर्यंत मरण पावतात त्या वयात, नरांमध्ये २३ आणि माद्यांमध्ये २६ टक्के वाढ मिळाली. एकाच खाद्यातून माद्यांच्या रक्तात औषधाची पातळी नरांपेक्षा जास्त राहते, हेही स्पष्ट झालं. आधीच्या प्रयोगांत माद्यांना जास्त फायदा दिसला, त्याचं निदान काही कारण इथे आहे.

त्याच चाळणीतून गळलेली नावं

रॅपामायसिनच्या निकालावर विश्वास बसतो याचं एक कारण म्हणजे ही कसोटी बहुतेकांना नापास करते. रेझव्हेराट्रॉल, हिरव्या चहाचा अर्क आणि हळदीतलं कर्क्युमिन या तिन्हींनी आयटीपीत आयुष्य अर्थपूर्ण रीतीने वाढवलं नाही. निकोटिनामाइड रायबोसाइडनेही नाही. आपल्याकडे घरोघरी मधुमेहासाठी घेतलं जाणारं मेटफॉर्मिन एकटं दिलं तेव्हा ठोस फायदा सिद्ध झाला नाही. ॲकार्बोज या मधुमेहाच्या दुसऱ्या औषधाने मात्र नरांचं मध्यम आयुष्य २२ टक्क्यांनी वाढवलं, माद्यांचं फक्त ५ टक्क्यांनी. १७-अल्फा-एस्ट्राडायॉलचा फायदा तर निव्वळ नरांना झाला. नर-माद्यांची आकडेवारी एकत्र करून छापलेला निकाल त्यामुळे अर्धवटच समजावा.

म्हातारपण मंदावलं की कर्करोग लांबला?

या प्रकरणातला सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे आणि तो अजून पुरता निकालात निघालेला नाही. प्रयोगशाळेतले बहुतेक उंदीर अखेर गाठींनीच मरतात. एमटॉर आवरलं की पेशींची वाढ आवरते, म्हणून रॅपामायसिन गाठी रोखतं; त्याची भावंडं कर्करोगावर वापरलीही जातात. मग उंदीर जास्त जगले ते म्हातारपण मंदावल्यामुळे, की सर्वांत मोठं मृत्यूचं कारण पुढे ढकलल्यामुळे? २००९च्या निबंधातच या दोन्ही शक्यता, किंवा दोन्ही मिळून, असं प्रांजळपणे नोंदलं आहे.

२०१२ मध्ये याच गटाने हृदय, यकृत, गर्भाशयाचं अस्तर, अधिवृक्क ग्रंथी आणि स्नायुबंध तपासले आणि वयानुसार होणारे अनेक बदल औषधाने मंदावल्याचं दाखवलं. कर्करोगाशी संबंध नसलेल्या या ऊतींमधला बदल हा म्हातारपणावरच्या परिणामाच्या बाजूने चांगला पुरावा आहे. २०१३ मध्ये एका जर्मन गटाने प्रतिप्रश्न केला : औषधाने जी लक्षणं सुधारली, त्यातली बरीचशी तरुण उंदरांतही तेवढीच बदलली. तरुणातही तोच बदल होत असेल तर तो म्हातारपणाचा वेग कमी होणं नव्हे, औषधाचा नेहमीचा परिणाम. आमच्या मते हा आक्षेप बिनतोड नाही, पण त्यामुळे चाचणीची एक अट ठरली आहे. तरुण प्राण्यांना औषध देऊन पाहिल्याशिवाय 'वार्धक्य मंदावलं' असं म्हणू नये.

किंमतही मोजावी लागली. २०१२च्या त्याच तपासणीत औषध घेतलेल्या उंदरांत मोतीबिंदू आणि वृषणांचा ऱ्हास जास्त आढळला. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने रक्तातली साखर का बिघडते ते दाखवलं. एमटॉर दोन संकुलांत, म्हणजे इतर प्रथिनांसोबतच्या दोन वेगवेगळ्या जुळण्यांत, काम करतं. रॅपामायसिनचा हवा असलेला परिणाम पहिल्या संकुलावर होतो. पण औषध दीर्घकाळ, सलग दिलं की दुसऱ्या संकुलाची जुळणीही मोडते आणि यकृत इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नाही. आठवड्यातून एकदाच डोस देण्याची कल्पना इथूनच आली : मधल्या दिवसांत पातळी उतरली की दुसरं संकुल वाचावं. माणसात या औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातली पातळी निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे ६२ तास आहे, तेव्हा आठवड्याचं अंतर पडलं तरी पातळी शून्यावर येते असं नाही.

माणसाचा हिशेब

उंदराचा डोस शरीराच्या पृष्ठफळाच्या आधाराने माणसाकडे नेताना १२.३ने भागतात. २.२४ भागिले १२.३ म्हणजे किलोमागे सुमारे ०.१८ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज ११ मिलिग्रॅम. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला, प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबायची असताना, नेहमीचा डोस रोज २ मिलिग्रॅमपासून सुरू होतो. म्हणजे उंदरांचा डोस जसाच्या तसा माणसात उतरवणं शक्य नाही, आणि आठवड्याला ५-६ मिलिग्रॅम घेणाऱ्याला उंदरांच्या आकड्यांवर हक्क सांगता येत नाही. ते उंदीर रोगजंतूंपासून जपलेल्या, स्वच्छ खोल्यांत राहत होते, हेही विसरू नये.

माणसांतला सर्वांत उपयोगी पुरावा २०१४चा आहे. ६५ वर्षांवरच्या २१८ स्वयंसेवकांना एव्हरोलिमस हे रॅपामायसिनचं जवळचं औषध सहा आठवडे दिलं, दोन आठवडे थांबवलं आणि मग फ्लूची लस टोचली. रोज ०.५ मिलिग्रॅम किंवा आठवड्याला ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत लसीला मिळणारा प्रतिसाद सुमारे २० टक्क्यांनी सुधारला. म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कमी डोसात, थोडा काळ दिलं तर म्हाताऱ्या प्रतिकारशक्तीला सावरूही शकतं. त्याच वाटेवरचं, पण वेगळं रसायन असलेलं आरटीबी-१०१ हे औषध २०१९ मध्ये श्वसनाच्या आजारांवरच्या तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरलं. पुढे ४८ आठवड्यांच्या 'पर्ल' चाचणीत आठवड्याला ५ किंवा १० मिलिग्रॅम रॅपामायसिन दिलं. पोटातली चरबी, हे तिचं मुख्य माप, बदललं नाही. १० मिलिग्रॅम घेणाऱ्या स्त्रियांत चरबीविरहित वजन आणि वेदना यांत सुधारणा दिसली. या चाचणीतलं औषध खास मिसळून बनवलेल्या कॅप्सूलमधलं होतं आणि बाजारातल्या गोळीच्या मानाने त्याचा साधारण एक तृतीयांश भागच शरीरात शोषला जात होता. खाद्यात औषध न टिकण्याची सॅन अँटोनियोची अडचण इथे कॅप्सूलच्या रूपाने पुन्हा आली.

आपल्याकडे सिरोलिमस डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं आणि इंटरनेटवर वाचून विचारणा करणारेही आता असतात. अशा वेळी तपासायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. छातीत सुप्त क्षयरोग आहे का, ही आपल्या देशात पहिली, कारण प्रतिकारशक्ती दबली की तो उठू शकतो. आणि तो उठला तर उपचारातलं रिफॅम्पिसिन सिरोलिमसची पातळी पार खाली आणतं. उलट क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि ग्रेपफ्रूट ही पातळी धोकादायक वाढवतात. घशाच्या संसर्गासाठी किंवा नायट्यासाठी कोणी तरी सहज लिहून दिलेली गोळी इथे घात करू शकते. तोंड येणं ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार. त्यापाठोपाठ कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड वाढणं, साखर वाढणं, लघवीतून प्रथिनं जाणं, रक्तातल्या पेशी कमी होणं, आणि क्वचित फुप्फुसाचा दाह : कोरडा खोकला व धाप लागली तर औषध त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना गाठायचं. जखमा उशिरा भरतात, म्हणून कोणतीही शस्त्रक्रिया, दात काढणंसुद्धा, ठरवण्याआधी सांगावं लागतं. निरोगी माणसाने आयुष्य वाढवण्यासाठी हे औषध स्वतःच्या मनाने सुरू करावं, असं म्हणायला आज पुरावा नाही.

उंदीर आणि माणूस यांच्यामधला टप्पा सध्या कुत्र्यांवर चालू आहे. अमेरिकेतल्या 'डॉग एजिंग प्रोजेक्ट'च्या चाचणीत सात वर्षांवरच्या, साधारण २० ते ५० किलोच्या पाळीव कुत्र्यांना वर्षभर आठवड्यातून एकदा, किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम रॅपामायसिन किंवा तसंच दिसणारं निष्क्रिय औषध द्यायचं आणि पुढे आणखी दोन वर्षं पाहत राहायचं. ही कुत्री घरांत राहतात, निरनिराळं खातात, रस्त्यावर फिरतात, त्यांना वेगवेगळ्या कारणांनी मृत्यू येतो. मोजायचं आहे आयुष्य, हृदयाचं काम आणि चालण्या-धावण्याची क्षमता. रोजच्या डोसाऐवजी आठवड्याचा डोस दिला तर साखर न बिघडवता आयुष्य वाढतं का, हे माणसाच्या घरातल्या हवेत राहणाऱ्या प्राण्यात तपासलं जाणार आहे.